मशीनची नवी सासू

लग्नानंतरचे पहिले काही महिने माझ्या सासूबाईंची खात्री होती की आपल्या पदरात बहिरी सून पडली आहे. त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, मी ओटीवर ढिम्म. त्या पुन्हा हाक मारायच्या, मी पुन्हा ढिम्म. शेवटी त्या स्वतः उठून यायच्या, माझ्या खांद्याला हात लावायच्या, आणि मी दचकून विचारायचे, "मला हाक मारलीत?"

"नाही गो, शेजारच्या म्हशीला मारत होते. ती बघ आली पण."

माझे कान उत्तम होते. घोटाळा नावाचा होता. बारशाला आत्याने कानात सांगितलेलं एक नाव मी वीस-बावीस वर्षं वापरलं, आणि मग लग्नाच्या दिवशी ताटात पसरलेल्या तांदळांवर नवऱ्याने अंगठीने दुसरंच नाव लिहिलं. आमच्याकडे ती पद्धतच होती. पेढे वाटले, सगळ्यांनी नव्या नावाने हाका मारून पाहिल्या, आणि जुनं नाव मांडवाच्या खांबांबरोबर उतरवून ठेवलं. जुनं नाव अगदी आटोपशीर होतं, दोन टाळ्या वाजवल्यासारखं. नवं म्हणजे देवळातली समई. उंच, जड, दोन हातांनी उचलायचं. दोन्ही नावं मी इथे लिहिणार नाही. कारण आहे, ते पुढे येईलच.

नवरा मुंबईला छापखान्यात होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. रत्नागिरीच्या त्या घरात आम्ही दोघीच, सासूबाई आणि त्यांची ही बहिरी सून.

मी मात्र नोकरीवाली सून होते, आणि त्याचा मला केवढा तोरा! शहराबाहेर आंब्याचा रस डबाबंद करणारा एक कारखाना होता. त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, आणि त्यावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एक मी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आख्ख्या गावात कॉम्प्युटर पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी, आणि त्याला रोज हात लावणारी मी. भाजीवालीकडे कोथिंबिरीची घासाघीस करतानाही मी जरा इंग्रजी झोक देऊन बोलायचे. भाजीवाली मला जुडी देताना बारीकशीच निवडून द्यायची, हे मला फार उशिरा कळलं.

मशीनची खोली हे आमच्या ऑफिसातलं देवघर. बाहेर चपला काढायच्या. आत गारेगार एसी. साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा साधा पंखा होता, एसी फक्त मशीनला. त्यामुळे मे महिन्यात ऑफिसातल्या प्रत्येकाला मशीनची काळजी वाटायला लागायची. "जरा बघून येतो, बरं आहे ना," म्हणत एकेक जण आत येऊन उभा राहायचा. खोलीत मधोमध कपाटाएवढं मशीन, आणि त्याला वायरींनी जोडलेली टर्मिनल्स. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि कळफलक. डोकं एकच, ते त्या कपाटात.

सकाळी टर्मिनलसमोर बसलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. मशीन विचारायचं, तू कोण? आपण आपलं नाव लिहायचं. मग ते पासवर्ड विचारायचं. तो लिहिला की आपलं खातं उघडायचं आणि आपली कामं, आपल्या फायली समोर यायच्या. माझं खातं लग्नाच्या आधी उघडलेलं होतं. अर्थातच जुन्या नावाने.

आणि पासवर्ड? ऐका. घरी हाक ऐकू यावी म्हणून मी सरावासाठी नवं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं होतं! म्हणजे रोज सकाळी माहेरच्या नावाने दार ठोठावायचं आणि सासरच्या नावाची किल्ली फिरवायची. ही युक्ती सुचली तेव्हा मला स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी डबा खायचा राहिला. पुढे काय झालं, तर सोमवारी सकाळी बोटं कळफलकावर तशीच अडून राहायची. शेजारच्या टर्मिनलवरची माझी मैत्रीण म्हणायची, "अगो, पुन्हा विसरलीस? काय एवढा अवघड ठेवलायस?"

आता तिला काय सांगणार, की बाई, मी स्वतःचं नाव विसरलेय?

असं सगळं मजेत चाललं होतं. पण मनातली एक गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते. आई माझ्या लहानपणीच गेली होती. माहेरी गेले तर वडील 'बाय' म्हणायचे, वहिनी 'वन्सं'. शाळेतल्या मैत्रिणी लग्नं होऊन पांगल्या. माझं जुनं नाव आता कुणाच्याच तोंडी नव्हतं. जगात एकटं ते मशीन रोज सकाळी मला विचारायचं, तू कोण, आणि मी ते नाव लिहिलं की मान्य करायचं. पडद्यावर ती हिरवी अक्षरं दिसली की क्षणभर बरं वाटायचं. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीचं माणूस काय बोलणार?

आणि मग ठरलं, की मशीनची सिस्टीम बदलायची.

जुनी सिस्टीम फार रडकी होती. आम्ही दोघी एकाच वेळी एकाच फायलीत शिरलो की ती रुसून बसायची. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं. आंब्याच्या दिवसांत गेटाबाहेर बागायतदारांचे टेम्पो उभे, आणि आत आम्ही 'आधी तू, आधी तू' करत बसलेल्या. म्हणून साहेबांनी मुंबईहून एक इंजिनिअर बोलावला. तो थंडीच्या दिवसांत, हंगामाच्या पुष्कळ आधी आला. चष्मा लावलेला, किडकिडीत, पण बोलायला मोकळा. त्याचं गाव गुहागर तालुक्यातलं निघालं, आणि आल्या आल्या त्याने कुणाकडे ओल्या काजूची उसळ मिळेल का, अशी चौकशी केली. मशीनबद्दल नंतर विचारलं.

साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. साहेब देशावरचे, कोल्हापूरकडचे. माणूस सज्जन, पण रीतभातीला जपणारा; इतका की ऑफिसातल्या बायकांशी बोलताना खिडकीबाहेरच्या माडाकडे बघून बोलायचे.

"सिस्टीम नवी येणार," साहेब माडाला म्हणाले, "पण खाती सगळी जुनीच राहतील. प्रत्येकाचं काम जिथल्या तिथं. तुम्हाला काही कळणारही नाही. फक्त एक दुरुस्ती आहे." मग ते माझ्या दिशेने थोडेसे वळले. "तुमचं खातं अजून माहेरच्या नावावर आहे. आता नवं होतंयच, तर रीतसर सासरचं नाव घालून घेऊ."

मी घाईघाईने पुढे झाले.

"राहू दे की साहेब," मी म्हटलं, "आहे ते चाललंय."

"तसं नको, ताई. उद्या तुमच्या सासरचं कुणी आलं, त्यांनी पडद्यावर बघितलं, तर काय म्हणतील? कारखान्यानं आमच्या सुनेचं नाव मानलं नाही? मला त्यात पडायचं नाही."

इथे कुणी शहाणी बाई असती तर सरळ म्हणाली असती, साहेब, मला ते नाव हवंय. पण मी शहाणी नव्हते, मी कॉम्प्युटरवाली होते. मी घसा खाकरला आणि अत्यंत आत्मविश्वासाने म्हणाले, "साहेब, तांत्रिक अडचण आहे. नाव बदललं तर माझ्या नावाखालच्या सगळ्या फायली हरवतील. मागच्या हंगामाची सगळी पेट्यांची नोंद जाईल."

साहेब घाबरले. माडाकडे बघायचं सोडून त्यांनी थेट इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरने चष्मा पुसला.

"नाही हो," तो म्हणाला, "मशीनला नाव कळतच नाही. आत प्रत्येकाला एक नंबर असतो. फायलींवर तो नंबर असतो. नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटी बदलली तरी घर तेच, सामान तेच. काही हरवत नाही."

माझी मैत्रीण छताकडे बघून ओठ चावत होती. मी तरीही हटले नाही. माझं नवं नाव इंग्रजीत लिहायला लांबलचक होतं, आणि सिस्टीममध्ये आठ अक्षरांपलीकडचं नाव बसत नाही हे मला ठाऊक होतं. हे माझं दुसरं अस्त्र.

"पण साहेब, ते नाव मावणार नाही. शेपटी कापावी लागेल. सासरच्या नावाची शेपटी कापलेली कशी दिसेल?"

साहेबांनी एवढा विचार केला, एवढा विचार केला, की मला वाटलं जिंकले. मग ते म्हणाले, "चालंल. पाटीवर पुष्कळांची अर्धीच नावं असतात."

झालं. मी बाहेर आले. येत्या गुरुवारी बदल करायचा होता. आमच्या शिपाईमामांनी पंचांग बघून सांगितलं होतं की बुधवारी अमावास्या, त्या दिवशी मशीनला हात लावू नये, आणि मुंबईचा इंजिनिअरसुद्धा यावर काही बोलला नव्हता. गुरुवारी आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, मग काम. नारळ आमच्या परसातल्या माडाचा, म्हणजे तो आणायचं काम माझ्याकडे.

घरी आले ती तोंड पाडूनच. सासूबाई ओटीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही सूप पुढे ओढून बसले. मनातल्या मनात मी स्वतःवर एक मोठा पोवाडा रचत होते. त्यात मी एकटी, सारं जग एका बाजूला, आणि सासूबाई अर्थातच शत्रूच्या गोटात. हाक मारली की ओ देत नाही म्हणून आधीच त्यांचा राग. आता जुनं नाव धरून बसलेय हे कळलं तर काय होईल, या भीतीने मी त्यांना मशीनबद्दल कधी चकार शब्द सांगितला नव्हता.

"दाणे सुपात टाक," त्या म्हणाल्या. "सालं सुपात नि दाणे केरात चाललेत तुझे."

मी खाली पाहिलं. खरंच.

"काय झालं ते सांग. कुणी बोललं?"

"नाही. ऑफिसात नाव बदलतायत."

"कुणाचं?"

"माझं."

"ते तर आम्ही केव्हाच बदललंय!"

यावर मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं, आणि रडता रडता सगळं बाहेर पडलं. मशीन, खातं, जुनं नाव, हिरवी अक्षरं, साहेब, नंबर, शेपटी. त्यांना त्यातलं काय कळत होतं देव जाणे. त्यांचे हात शेंगा सोलतच होते.

"थांब, थांब," त्या मधेच म्हणाल्या. "ही शिस्टीम म्हणजे नक्की काय? मशीनच बदलतायत का?"

"नाही हो. मशीन तेच. सिस्टीम म्हणजे..." मी डोळे पुसले आणि विचार करायला लागले. समोर त्याच बसल्या होत्या, म्हणून सुचलं तेच बोलले. "सिस्टीम म्हणजे घरातली सासू. कुणी कधी चुलीपाशी यायचं, कुठला डबा कुणाचा, कुणाला किती वेळ द्यायचा, हे सगळं ती बघते. मशीन म्हणजे घर."

"आणि त्या खात्यांतली माणसं?"

"त्या सुना."

सासूबाईंचे हात पहिल्यांदाच थांबले. "म्हणजे मशीनची सासू बदलणार."

"हो."

"सुना त्याच."

"हो."

"मग सासू बदलतेय तर सुनांची नावं कशाला बदलतात?"

खरं सांगते, हा प्रश्न मला, साहेबांना, मुंबईच्या इंजिनिअरला, कुणालाच सुचला नव्हता. सासूबाई पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि ते रोज विचारतं तुला?"

"रोज. बसल्या बसल्या. तू कोण, म्हणून."

"मला कुणी विचारलंन नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही, सहज. भाव विचारायला विसरले असं सांगावं तसं. "जयगडच्या खाडीतनं होडीत बसवून आणलंनी तेव्हा मी तेरा-चौदाची. होडीत बसले ते एक नाव, उतरले ते दुसरं. माहेरच्या तीरावर माझी आजी उभी होती. ती जुन्या नावानं हाका मारतेय, आणि होडीतल्या बायका मला सांगतायत, आता त्या नावाला ओ देऊ नकोस. मी नाही दिली."

पावटा त्यांच्या बोटांत तसाच राहिला होता.

"काय होतं नाव?" मी विचारलं.

त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग घरात, जणू घरातल्या रिकाम्या खोल्याही ऐकतील. आणि मग माझ्याकडे वाकून ते नाव सांगितलं, अगदी हळू. लहानसं, सुरेख नाव होतं. त्यांना इतकं शोभणारं, की मला वाटलं इतके दिवस मी भलत्याच कुणाला सासूबाई म्हणतेय.

"आता मोठ्यानं म्हणू नकोस हो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "बरं नाही दिसत."

मी म्हटलं नाही. त्या संध्याकाळी पावट्याचं बिरडं केलं, आणि सासूबाईंनी मला सणाचं पुरण वाढावं तसं आग्रहाने वाढलं. माझा पोवाडा अर्ध्यातच बंद पडला. शत्रूच्या गोटात ज्यांना बसवलं होतं त्याच उठून माझ्या बाजूला येऊन बसल्यावर पोवाडा रचायचा कसा?

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला पोचले, आणि पिशवीत हात घातला तर नारळ नाही. मशीनच्या खोलीबाहेर सगळे चपला काढून उभे. शिपाईमामा टोपी नीट करून सज्ज. त्यांच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याच घराण्याचा, त्यामुळे हे काम ते शिपाई म्हणून नाही, मानकरी म्हणून करत होते, आणि नारळाशिवाय तोंड उघडायला तयार नव्हते.

"नारळ इसरलीस?" ते म्हणाले. "मशीनवर बसून बसून डोकीतलं बी मशीनमधी ठेवलंस काय गो?"

"दुकानातून आणू?" इंजिनिअर म्हणाला.

तेवढ्यात गेटापाशी रिक्षा थांबली. रिक्षातून आधी एक नारळ उतरला, मग दुसरा, मग इरकली लुगड्यातल्या माझ्या सासूबाई. त्या याआधी कधी कारखान्याकडे फिरकल्या नव्हत्या. साहेब केबिनमधून लगबगीने बाहेर आले; सुनेच्या सासूबाई म्हणजे त्यांच्या दृष्टीने साक्षात तपासणी.

"ही विसरली," सासूबाई नारळ पुढे करत म्हणाल्या. "म्हटलं, देवाचं काम आहे, अडायला नको. आणि आलेच आहे तर साहेब, एक विचारू?"

"विचारा की." साहेबांना इथे माड सापडेना. त्यांनी दाराच्या चौकटीकडे बघायला सुरुवात केली.

"घरात सासू बदलली म्हणून सुनांची नावं बदलायची पद्धत तुमच्याकडे कोल्हापुराला आहे का?"

साहेबांना काही उमगेना. त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मैत्रीण छताकडे. इंजिनिअर मात्र चलाख; त्याला क्षणात कळलं आणि तो तोंड फिरवून वायरी तपासायला लागला.

"न्हाई," साहेब म्हणाले. "असं कुठं असतंय?"

"तेच म्हटलं मी. मशीनची सासू नवी येतेय, येऊ दे. सुना होत्या त्या नावानं राहू देत. आम्ही हिला ठेवलंय ते नाव घरात हाक मारायला. ते हिला तिथंच धड ऐकू येत नाही, तुमच्या मशीनमधे घालून काय उजेड पडणार?"

"पण आई," साहेब चाचरत म्हणाले, "सासरच्यांनी काही म्हणू नये म्हणूनच तर आम्ही..."

"सासरचे म्हणजे कोण?" सासूबाईंनी पदर सावरला. "मीच ना? मग मी म्हणतेय."

साहेब चौकटीला म्हणाले, "बरं." आणि मग, मला अजून आठवतं, ते पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "आधीच सांगायचं की, ताई, तुम्हाला पाहिजे म्हणून." आणि थोडे हसले. इतक्या साध्या वाक्यासाठी मी दोन अस्त्रं परजली होती!

मग शिपाईमामांनी मशीनसमोर नारळ ठेवला, डोळे मिटले, आणि खोलीत त्यांचा आवाज घुमला.

"बा देवा म्हाराजा! आज हितं ह्या कारखान्यात जी काय मशीन बसलेली हाय, तिची जुनी शिस्टीम जातेय नि नवी येतेय, रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तर जुनीच्या पोटात जी काय लेकरं असतील, ती सगळी नवीच्या पोटात सुखरूप जाऊ देत. वाटंत कुनाचा पाय घसरला, कुनाचं गाठोडं पडलं, तर तू उचलून ज्याचं त्याच्या हाती दे, रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज मुंबईच्या इंजिनिअरचा. साहेब एक ठोका उशिरा म्हणत होते, पण म्हणत होते. सासूबाई दाराबाहेर हात जोडून.

मग काम सुरू झालं. आधी सगळं टेपवर उतरवून घेतलं. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटची थोरली बहीण. आमचं सगळं त्या टेपमध्ये, टेप इंजिनिअरच्या हातात, आणि मग त्याने मशीन पुसून कोरं केलं. पडद्यावर काही म्हणजे काही नाही. मी लग्नाच्या वेळी रडले नव्हते, पण तो रिकामा पडदा मला बघवेना. त्यानंतर तो नव्या सिस्टीमच्या फ्लॉप्या एकामागून एक घालत बसला, आणि आम्ही बाहेर व्हरांड्यात. सासूबाई घरी जायला तयार होईनात. "बघून जाते," म्हणाल्या, आणि शिपाईमामांशी जयगडच्या माशांवर वाद घालत बसल्या.

दुपार कलताना त्याने हाक मारली. "या, बसा. नावं जुनी आहेत, फायली आहेत. फक्त पासवर्ड आणता येत नाहीत. ते इथे नवे द्यायचे."

मी चपला काढून आत गेले. टर्मिनलसमोर बसले. काळा पडदा, हिरवी अक्षरं. अक्षरांची ठेवण जरा वेगळी होती, नव्या सासूचं वळण. पण प्रश्न तोच, तू कोण? मी माझं नाव लिहिलं. सगळंच्या सगळं, शेपटीसकट. त्याने मानलं.

"आता पासवर्ड," इंजिनिअर पाठ फिरवून म्हणाला. "कुणाला ठाऊक नसेल, पण तुम्ही कधी विसरणार नाही, असं काहीतरी घाला."

नवं नाव घालणार नव्हते. ते मी विसरत होते हे सिद्धच झालं होतं. आणि जगात कुणालाही ठाऊक नसलेली, आणि मी मरेपर्यंत न विसरण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे होती. ती मला परवाच, पावटे सोलताना मिळाली होती. मी ती लिहिली. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही. बोटं चालतात, डोळ्यांना अंधार. खातं उघडलं. आत माझ्या फायली ओळीने उभ्या होत्या, एकही गाठोडं पडलं नव्हतं.

दारातून सासूबाईंचा आवाज आला. "घेतलंन का गो तुला?"

"घेतलं," मी म्हटलं.

त्यानंतर त्या कारखान्यात मी पुष्कळ वर्षं काढली. मशीनं बदलली, सिस्टीमी तर किती बदलल्या, आणि दर वेळी मी तेच नाव आणि तोच पासवर्ड घेऊन नव्या घरात गेले. त्या इंजिनिअरचे, साहेबांचे, शिपाईमामांचे, सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण जी बाई जन्मात कधी मशीनसमोर बसली नाही, तिचे सगळ्यांत जास्त. आणि हळूहळू घरातल्या हाकाही मला ऐकू यायला लागल्या. समई जड होती, पण रोज उचलून सवय होते. शिवाय ती हाक कोण मारतंय, ते आता मला ठाऊक होतं.

हल्ली माझी नात पिच्छा पुरवते, "आजी, तुझ्या फोनचा पासवर्ड सांग ना." नाही सांगत. इथे एकही नाव न लिहिण्याचं कारण आता कळलं असेल: एक कळलं की ती बाकीची खणून काढेल.

एक गोष्ट मला त्या वेळी कळली नव्हती, ती पुढे कधीतरी चुलीपाशी बसले असताना कळली. गुरुवारी सकाळी नारळ मी पिशवीत घातला होता. मला पक्कं आठवत होतं, शेंडीला कुंकूसुद्धा लावलं होतं. पिशवीतून नारळ आपला आपण बाहेर येऊन रिक्षात बसत नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भाकरी थापत होत्या.

"तुम्ही काढलात ना?"

"कायसं?" त्या म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

मग मीही माझं गुपित सांगून टाकलं. म्हटलं, तुमचं जुनं नाव मी रोज सकाळी ऑफिसात लिहिते. त्याशिवाय मशीन उघडतच नाही.

त्यांचा हात तव्यावर थांबला. "कुणाला दिसतं?"

"कुणालाच नाही. लिहिताना मलासुद्धा दिसत नाही."

भाकरी करपायला लागली होती, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मग हळू लिहीत जा," त्या म्हणाल्या. "घाईत चुकशील."